कोरियन मालिका बघायला बसताय? आधी आवाज बदला

साताऱ्याहून मावशीचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, लग्नकार्याचा निरोप नाही. "अगं, ती कोरियन सिरीयल लावलीय मी हिंदीतून. दोघं पहिल्या भागापासून तुम-तुम करत भांडतायत. आज आठव्या भागात गाडीत बसल्या बसल्या काहीतरी बोलले आणि एकदम लाजायलाच लागले. झालं काय नक्की? मी मधे उठलेसुद्धा नव्हते."

झालं होतं ते एवढंच. त्याने तिला विचारलं होतं, "आता अरे-तुरे केलं तर चालेल?" आणि ती हो म्हणाली होती. सात भाग दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते. हिंदी डबिंगमध्ये सगळाच 'तुम'चा मामला असल्यामुळे मावशीला ते कधी ऐकूच आलं नाही.

नव्याने बघणारे विचारतात, "कुठली बघू?" मी आधी "कशी बघू" सांगते. कुठलीही बघा, पण कान उघडे ठेवून बघा. कोरियन मालिकेतलं निम्मं नाट्य कोण कोणाला काय म्हणतं यात असतं, आणि ते इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा आपल्याला लवकर कळतं.

१. ऑडिओ कोरियन ठेवा

ॲप उघडल्यावर पहिलं काम हे. स्क्रीनवर ऑडिओ आणि सबटायटल्सचा पर्याय असतो. त्यात ऑडिओ कोरियन निवडा, सबटायटल्स इंग्रजी किंवा हिंदी, जी भरभर वाचता येतील ती. काही फुकट ॲपवर फक्त डब केलेलं मिळतं. तिथे इलाज नाही, पण सवय लागेपर्यंत तरी अशी मालिका टाळा. अक्षरं बारीक वाटत असतील तर सेटिंगमध्ये मोठी करता येतात. घरातल्या मोठ्या माणसांसाठी हे आधीच करून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत "मला नाही बाई जमत" ऐकावं लागेल.

पोळ्या लाटता लाटता बघायची ही मालिका नाही, हेही सांगून टाकते. आपल्या संध्याकाळच्या मालिकांत कढईकडे बघत राहिलं तरी पार्श्वसंगीत सांगतं काय झालं ते. इथे खाली मान घातली की वाक्य गेलं.

मग ऐकायचं काय? वाक्याचा शेवट. कोरियन भाषेची ठेवण आपल्यासारखी आहे, क्रियापद शेवटी येतं. 'मी भात खाल्ला' हे तिकडेही याच क्रमाने म्हणतात. आणि समोरच्याला मान द्यायचा की नाही तेही तिथेच, क्रियापदाच्या शेपटीला ठरतं. 'केन्चाना?' म्हणजे 'ठीक आहेस ना?' आणि 'केन्चानायो?' म्हणजे 'ठीक आहात ना?' शेवटी 'यो' किंवा 'निदा' ऐकू आलं की अहो-जाहो, ते गळलं की अरे-तुरे. एवढी एक खूण घेऊन बसलात तरी दोन भागांत कान तयार होतो. मानाच्या बोलण्याला ते 'जोंदेनमाल' म्हणतात, एकेरीला 'बानमाल'. आणि अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याला त्यांचा शब्दप्रयोग आहे 'बोलणं खाली ठेवणं'. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसं. कुणी रागाच्या भरात साहेबाशी एकेरीत बोललं, तर सबटायटलमध्ये साधंसं वाक्य येतं आणि पडद्यावर मात्र सगळे गप्प होतात. ते गप्प का झाले, हे कानाने ऐकलेल्याला कळतं.

२. नाती आणि हुद्दे पाठ करा, फार नाहीत

आपल्याकडे 'दादा' म्हणणारा मुलगा आहे की मुलगी याने फरक पडत नाही. कोरियनमध्ये पडतो. मोठ्या भावाला मुलगी 'ओप्पा' म्हणते, मुलगा 'ह्यंग' म्हणतो. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी', मुलगा 'नूना'. सख्खं नातं असायलाच हवं असं नाही, वयाने थोडं मोठं आणि जवळचं असलं की झालं. गंमत अशी की प्रियकरालाही 'ओप्पा'च म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना आपल्याला दचकायला होतं, दादा काय दादा! पण नवऱ्याला नावाने हाक न मारणाऱ्या आज्यांच्या देशात आपण फार हसू नये.

कॉलेजात किंवा ऑफिसात आधी आलेला तो 'सॉनबे', मागून आलेला 'हूबे'. ऑफिसात नावाऐवजी हुद्दा आणि त्याला 'नीम' जोडतात, आपल्या 'साहेब'सारखं. बरोबरीच्या पण परक्या माणसाच्या नावापुढे 'शी' येतं. रस्त्यावरच्या मध्यमवयीन पुरुषाला 'आजॉशी', बाईला 'आजुम्मा'. हा शेवटचा शब्द तिशीतल्या बाईला लावला तर ती का भडकते, ते पुण्याच्या बसमध्ये कुणी "काकू, सरका जरा" म्हटलेल्या कुठल्याही मुलीला विचारा.

आता याचा उपयोग बघा. 'माय मिस्टर' ही २०१८ची मालिका. तिचं मूळ नाव आहे 'नाए आजॉशी', म्हणजे जवळपास 'माझे काका'. कर्जात बुडालेली एकवीस वर्षांची मुलगी आणि चाळिशी ओलांडलेला, आतून खचलेला इंजिनीअर. इंग्रजी नाव वाचून ही प्रेमकथा आहे असा समज होतो, आणि तसा समज करून घेतलेले लोक तिच्यावर उगाच चिडलेही. मूळ नाव ऐकलं असतं तर अर्धा वाद झालाच नसता.

दुसरं उदाहरण तुम्ही बघितलंही असेल. 'स्क्विड गेम'च्या पहिल्या सीझनमध्ये (२०२१) अली नावाचा पाकिस्तानी कामगार आहे. ती भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केली. अली सुरुवातीला सांग-वू या दुसऱ्या स्पर्धकाला 'साजांगनीम' म्हणतो, म्हणजे मालक. परदेशी मजूर कोरियात आल्यावर जे शब्द आधी शिकतात त्यातला हा एक. पुढे सांग-वू त्याला सांगतो, मालक नको, 'ह्यंग' म्हण. दादा म्हण. त्यानंतर काय होतं ते सांगत नाही. पण सहाव्या भागात अली त्याला कुठल्या शब्दाने हाका मारतो तेवढं मात्र ऐका. इंग्रजी अक्षरांत त्या हाकेचं वजन उतरलेलं नाही.

ओळख झाल्या झाल्या वय विचारतात त्याचंही कारण हेच. वय कळल्याशिवाय बोलायचं कसं ते ठरत नाही. 'चिंगू' म्हणजे मित्र, पण बरोबरीच्या वयाचा मित्र. वर्षभराने मोठा असेल तर तो दादा झाला, 'चिंगू' नाही. जुन्या मालिकांत वयाचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका. पूर्वी मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि दर एक जानेवारीला सगळ्यांचं वय एकेकाने वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! जून २०२३पासून सरकारी कामात वाढदिवसाप्रमाणे वय मोजायचं ठरलं.

नावांचं दडपण घेऊ नका. आडनाव आधी येतं. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच शंभरातले चाळीसहून जास्त लोक बसतात, त्यामुळे आडनावावरून कुणाचंच नातं लावू नका. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. शेजारपाजारी मात्र मुलाच्या नावाने हाक मारतात, 'अमक्याची आई'. हे शिकवायला नकोच आपल्याला. तरी सुरुवातीचे दोन भाग एका कागदावर माणसं लिहून ठेवा. मी अजून लिहिते.

३. वेळेचा हिशोब

टीव्हीवरची नेहमीची मालिका १६ भागांची, भाग तास-सव्वा तासाचा, आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शनिवार-रविवार अशा जोड्या. हल्ली १२ आणि ८ भागांच्याही खूप येतात. संपते, हे महत्त्वाचं. शेवट डोक्यात धरून लिहिलेली गोष्ट असते, टीआरपी आहे म्हणून चार वर्षं ताणत नाहीत. तिकडेही रोजच्या, शंभराच्या वर भाग जाणाऱ्या मालिका आहेत, शनिवार-रविवारच्या पन्नास भागांच्या कौटुंबिक मालिकाही आहेत. त्या सध्या लांब ठेवा.

रात्री दहाला 'एकच भाग' म्हणून बसू नका. भाग नेमका अशा ठिकाणी संपतो की हात आपोआप पुढच्यावर जातो. माझा उपाय साधा आहे. शेवटची दहा मिनिटं राहिली की थांबवायचं आणि ती दुसऱ्या दिवशी बघायची. मुद्द्याच्या जागी थांबण्यापेक्षा मुद्द्याच्या आधी थांबणं सोपं जातं.

४. पहिली मालिका

'स्क्विड गेम'ने सुरुवात करू नका. वाईट आहे म्हणून नाही. ती इतर कोरियन मालिकांसारखी नाही म्हणून. तिच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधाल तर चुकाल.

आपल्या घरात, आईवडिलांबरोबर बसून बघायची असेल तर 'रिप्लाय १९८८'. २०१५-१६ची, २० भाग, प्रत्येक भाग दीड तासाच्या आसपास. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच बिऱ्हाडं, पाच पोरं. ऑलिंपिकचं वर्ष. घरात मधली असल्यामुळे कायम दुर्लक्षित दक-सन ऑलिंपिकच्या संचलनात मादागास्करची पाटी धरायची म्हणून महिनोन् महिने सराव करते. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाची वेळ होते. एकेक आई पोराच्या हातात वाडगं देऊन शेजारी पाठवते. शेजारची आई ते वाडगं रिकामं परत पाठवत नाही, काहीतरी घालूनच देते. पोरं गल्लीत एकमेकांना ओलांडत वाडगी घेऊन ये-जा करतात, जेवायला बसायचं सोडून. शेवटी एकजण वैतागून म्हणतो, असंच करायचं तर सगळे एकत्रच जेवूया की! मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या चाळीचा जिना दिसला आणि झाकण ठेवलेली पितळेची वाटी. भांडं रिकामं पाठवू नये हे मला वाटत होतं फक्त आपल्याकडेच आहे.

ही मालिका संथ आहे. दुसऱ्या भागात कंटाळलात तर चौथ्यापर्यंत थांबा.

हलकंफुलकं हवं असेल तर 'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲटर्नी वू', २०२२, १६ भाग. ऑटिझम असलेली, देवमाशांनी झपाटलेली तरुण वकील. पार्क उन-बिनने केलंय, आणि काय केलंय! ईएनए नावाच्या लहानशा वाहिनीवर लागली. पहिल्या भागाचं रेटिंग १ टक्क्याच्याही आत होतं, शेवटच्या भागाचं १७.५ टक्के. लोकांनी एकमेकांना सांगून सांगून चढवली. तिच्यातली एक जागा खास तुमच्यासाठी. ही मुलगी स्वतःची ओळख करून देते तेव्हा म्हणते, माझं नाव सरळ वाचा की उलटं, ऊ यंग-ऊच. आणि तसेच शब्द म्हणून दाखवते: गिरॉगी, टोमाटो, सूविसू, इंदोइन, ब्यॉलतोंगब्यॉल. हंस, टोमॅटो, स्वित्झर्लंड, भारतीय माणूस, उल्का. हो, 'इंदोइन' म्हणजे आपण! इंग्रजी सबटायटलवाल्यांनी त्याऐवजी कयाक, रेसकार असे इंग्रजीतले उलटसुलट शब्द घातले. दोष त्यांचा नाही, दुसरं करणार काय? मराठीत करायचं तर 'चिमा काय कामाची' घालावं लागेल. पण भारतीय माणूस त्या वाक्यातून गेला तो गेलाच. ऐकणाऱ्यालाच तो सापडतो.

प्रेमकथाच हवी असेल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०, १६ भाग. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडलेली श्रीमंत उद्योजिका सीमेपलीकडे उत्तर कोरियात पडते, एका सैनिकी अधिकाऱ्याच्या अंगावर. ऐकायला खुळचट वाटतं, आणि काही ठिकाणी आहेच. पण त्या उत्तर कोरियन गावातल्या शेजारणींसाठी मी ती दोनदा बघितली. चौकशा करणाऱ्या, संशयी, वेळ आली की पदर खोचून उभ्या राहणाऱ्या. लेखन करताना तिकडून पळून आलेल्या लोकांची मदत घेतली होती, आणि बोली, लोणच्यासारखी साठवणीतली किमची, मधेच जाणारी वीज यांत ती दिसते. नायक-नायिका झालेले ह्यॉन बिन आणि सोन ये-जिन यांनी मार्च २०२२मध्ये खरोखर लग्न केलं. या मालिकेने स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड या खेड्यातल्या तळ्याकाठच्या धक्क्यावर इतकी गर्दी ओढली की तिथे फोटोला जायचे ५ फ्रँक लावावे लागले.

थरार, खूनखटला आवडत असेल तर 'सिग्नल' (२०१६). जुन्या वॉकीटॉकीवरून आजचा पोलीस भूतकाळातल्या पोलिसाशी बोलतो. २०२४मध्ये तिच्यावरून हिंदीत 'ग्यारह ग्यारह' निघाली, पण मूळच बघा. शेवट मोकळा सोडलाय, तक्रार माझ्याकडे आणू नका.

आणि या सगळ्या झाल्यावर, हातरुमाल घेऊन, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (२०२५). जेजू बेटावरची दोन माणसं, त्यांचं सगळं आयुष्य, आणि समुद्रात श्वास कोंडून बुड्या मारणाऱ्या 'हेन्यॉ' बायका. मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, अर्थ साधारण 'फार कष्ट उपसलेत हो तुम्ही'. सोलच्या माणसाला ते पहिल्यांदा 'पुरते फसलात' असं काहीतरी ऐकू येतं. पुणेकराला मालवणी ऐकून जे होतं तेच.

५. चार भागांचा नियम

पहिला भाग बहुतेक वेळा गोंगाटाचा असतो: पाठलाग, अपघात, परदेशातलं एक दृश्य, दोनदा धडक. त्याच्यावरून मत बनवू नका. चौथ्या भागापर्यंत माणसांत जीव आला नाही तर मात्र बिनदिक्कत सोडा. पैसे भरलेत म्हणून सोळा तास घालवायची गरज नाही.

पुढची मालिका निवडताना नायकाचा चेहरा बघून जाऊ नका, लेखकाचं नाव बघा. तिकडे मालिका लेखकाच्या नावावर ओळखली जाते आणि त्यात बायका पुष्कळ आहेत. 'क्रॅश लँडिंग'ची पार्क जी-उन, 'सिग्नल'ची किम उन-ही, 'रिप्लाय'ची ली ऊ-जंग, 'माय मिस्टर'ची पार्क हे-यंग. ज्या लेखिकेची एक आवडली तिची दुसरी काढा. चेहऱ्यामागे गेलेल्यांची निराशा मी बरीच पाहिलीय, माझीही त्यात आहे.

६. ताटाकडे लक्ष द्या

ते लोक सतत खातात, आणि उगाच खात नाहीत. 'बाप मॉगॉस्सॉ?' म्हणजे 'जेवलास का?' भांडण मिटवायचं असलं, माफी मागायची असली, काळजी दाखवायची असली की हाच प्रश्न. कोरियन बापाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणता येत नाही, तो मासा सोलून पोरीच्या भातावर ठेवतो.

काही खुणा माहीत असल्या की दृश्य उलगडतं. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप, 'मियॉक-गुक'. बाळंतिणीलाही तेच देतात, आपल्याकडे अळीव देतात तसं, म्हणून ते आईची आठवण. परीक्षेच्या दिवशी मात्र टाळतात, कारण शेवाळ निसरडं, मार्कही घसरतील. तुरुंगातून सुटलेल्याला दारातच पांढरं टोफू खायला देतात. नव्या घरी सामान उतरवलं की खोक्यांवर बसून काळ्या सॉसमधल्या 'जाजांगम्यॉन' नूडल्स. पाऊस लागला की कांदापातीचं धिरडं 'पाजॉन' आणि ताकासारखी दिसणारी तांदळाची दारू 'माक्गॉली'. पावसात तळण आठवणं ही आपली एकट्याची मिरासदारी नाही. आणि रात्री दारात उभं राहून एखादी जर म्हणाली, "राम्यॉन खाऊन जातोस का?", तर विषय नूडल्सचा नसतो.

हिरव्या बाटलीतली सोजू ही दारू मोठ्यांना ओतताना दोन्ही हात लावतात, आणि मोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला फिरवून पितात. कुणी तोंड फिरवलं नाही, तर भांडणाची तयारी समजा.

७. खटकणार, ते आधीच सांगते

जुन्या मालिकांत नायक नायिकेचं मनगट धरून फरफटत नेतो आणि त्याला प्रेम म्हणतात. नव्या मालिकांत हे कमी झालंय, संपलेलं नाही. अब्जाधीश घराण्याचा वारस आणि गरीब मुलगी हे तर तिथलं कांदापोह्यांसारखं आहे, कुठेही गेलात तरी समोर येणारच. अशा घराण्यांना 'चेबॉल' म्हणतात. त्यांच्या सासवा बघितल्या की आपल्या मालिकांतल्या सासवा देवमाणसं वाटतात. जन्माचं रहस्य, स्मृतिभ्रंश, सूड आणि पुन्हा जन्माचं रहस्य अशा मसाल्याला त्यांनी नाव ठेवलंय 'माकजांग', खाणीतल्या बोगद्याचं शेवटचं टोक. अनेकांना तेच आवडतं, मलाही कधीकधी.

पात्रं दर दोन भागांनी त्याच सँडविचच्या दुकानात का जातात? केबलशिवाय दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवर मालिकेच्या मधे जाहिरात दाखवायला २०२१च्या जुलैपर्यंत बंदी होती. मग जाहिरात गोष्टीतच घुसली. नायिका रडता रडता चेहऱ्याला क्रीम लावते आणि डबीचं नाव कॅमेऱ्याकडे. हसा आणि पुढे चला.

शेवटचे दोन-तीन भाग ढेपाळतात ही सर्वांची तक्रार आहे. जुन्या मालिकांत त्याला कारणही होतं. इकडे मालिका चालू आणि तिकडे लिहिणं चालू, सेटवर त्या दिवशी चित्रित करायची सुटी पानं यायची. रात्र-रात्र शूटिंग चालायचं. २०१८पासून आठवड्याला ५२ तास कामाची मर्यादा टप्प्याटप्प्याने आली आणि बरंचसं काम आधी पूर्ण करून ठेवण्याकडे कल वाढला. तरीही २०२२ची 'रिबॉर्न रिच' अखेरच्या भागात अशी घसरली की तिथले प्रेक्षकही संतापले.

मला सर्वांत जास्त टोचतं ते बाहेरच्या माणसाचं चित्रण. जगभर बघितली जाणारी मालिका, आणि त्यात परदेशी पात्र आलं की व्यंगचित्र! 'किंग द लँड' (२०२३) मध्ये एक अरब राजपुत्र दाखवला, दारू आणि बायकांमागे लागलेला. अरब प्रेक्षक भडकले आणि वाहिनीला माफी मागावी लागली. तो राजपुत्र झाला होता आपला अनुपम त्रिपाठीच. अली करणाऱ्या नटाला दोन वर्षांनी हे काम मिळावं याचं मला वाईट वाटलं. सावळ्या कातडीचा माणूस या मालिकांत डॉक्टर, शेजारी, वर्गमित्र म्हणून सहज वावरताना अजून फारसा दिसत नाही. मालिका आवडतात म्हणून हे गिळायचं कारण नाही.

८. राजेरजवाडे शेवटी

ऐतिहासिक मालिकेला 'सागुक' म्हणतात. बहुतेक गोष्टी जोसॉन राजवटीतल्या, १३९२ ते १९१०. भाषा जुनी, हुद्दे डोंगराएवढे, दरबारी सतत जमिनीला कपाळ टेकवून "चॉन्हा!" म्हणजे 'महाराज!' ओरडत असतात. पहिल्यांदाच बघाल तर टोप्यांवरून माणसं ओळखायची वेळ येईल, म्हणून पाच-सहा मालिका झाल्यावर इकडे या.

आलात की 'दे जांग गम'. २००३-०४, ५४ भाग. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी राजाची वैद्य होते. जांग-गमचा उल्लेख राजा जुंगजोंगच्या काळातल्या दरबारी बखरींत सापडतो. दूरदर्शनवर ती हिंदीत 'घर का चिराग' नावाने लागली होती, आमच्या घरात तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. लहानग्या जांग-गमला विचारतात, या मांसात गोडवा कशाचा? ती म्हणते, पिकलेल्या पर्सिमन फळाचा. कशावरून? यावर ती गोंधळते. जिभेला पर्सिमन लागलं म्हणून पर्सिमन म्हटलं, आता कशावरून म्हणून विचारलंत तर काय सांगू! त्या दृश्यातला तिचा आवाज ऐकायला तरी आधी ऑडिओ तपासा.

इतिहासाच्या बाबतीत तिथला प्रेक्षक भारी हळवा. मार्च २०२१मध्ये 'जोसॉन एक्सॉर्सिस्ट' नावाची मालिका इतिहास विपर्यस्त केल्याच्या आणि चिनी पदार्थ-वस्तू दाखवल्याच्या रागातून दोन भागांत बंद पडली. जाहिरातदारच पळाले. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

९. चालू मालिका बघायची असेल तर

कोरियाची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे रात्री साडेनऊला लागलेला भाग म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. सबटायटलसह भाग बहुधा त्याच रात्री येतो. आठवड्याला दोनच भाग मिळतात, त्यामुळे झोप वाचते आणि बोलायला विषय राहतो. फक्त मोबाइलवर नट-नट्यांची नावं शोधत बसू नका, शेवट कुणीतरी आधीच सांगून ठेवलेला असतो.

मावशीच्या टीव्हीवर मी ऑडिओ कोरियन आणि अक्षरं हिंदी, मोठी, करून दिली. पहिल्या रात्री कुरकुरली. तीन आठवड्यांनी सकाळी सातलाच फोन. "उठलीस का? अगं, त्या वकिलाच्या सिरीयलमधल्या मुलाचं 'यो' गेलं काल! तिला कळलंच नाही, ती आपली अजून 'यो'च म्हणतेय."